अर्धा अंधार थेटरचा

भुताचे जुने सिनेमे मोबाइलवर बघण्यात एक सोय आहे आणि एक वांधा आहे. सोय अशी, की फुकटात आणि हवे तेव्हा दिसतात. वांधा असा, की भूतही स्वच्छ दिसतं. मागच्या पावसाळ्यात एका रात्री दिवे मालवून असाच एक सिनेमा लावला. लहानपणी त्याच्या नुसत्या पोस्टरला घाबरून मी रस्ता बदलायचो. कुणीतरी मूळ फिल्मवरून घासूनपुसून नवी प्रत चढवली होती. सैतान दारात उभा राहिला आणि त्याच्या मानेवर रबराचा मुखवटा संपून माणसाची कातडी सुरू होताना मला दिसली. चौथऱ्यावरचे दगड थर्माकोलचे होते. बायको म्हणाली, "ह्याला घाबरायचास तू?"

रविवारी मामाला फोन केला. मामा गिरणगावातल्या एका थेटरात बावीस वर्षं ऑपरेटर, म्हणजे प्रोजेक्टर चालवणारा, होता. ते थेटर आता नाही. तो म्हणाला, "तू बघितलास तो सिनेमा नव्हेच. आमच्याकडे भूत एवढं दिसायचंच नाही." मग म्हणाला, "शनिवारी ये, फिरवतो तुला."

डोंबिवलीहून फास्टने दादर, पूल ओलांडून वेस्टर्न, आणि ग्रँट रोड. मामा लालबागहून बसने आधीच पोचला होता, पुलाखाली छत्री टेकून उभा. एकाहत्तर वय, पण चालतो असा की मलाच धाप लागावी. स्टेशनाबाहेर इराण्याकडे चहा आणि ब्रूनमस्का झाला आणि आम्ही लॅमिंग्टन रोडला लागलो.

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लोकांच्या तोंडी मात्र लॅमिंग्टन रोडच, म्हणजे वायरी, स्पीकर, सीसीटीव्ही आणि सोल्डरिंगचा वास. हिंदी भूतपटांच्या सगळ्यात मोठ्या कारखान्याची नाळ ह्याच रस्त्याशी आहे. फतेहचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना म्हणून रामसिंघानींचे 'रामसे' झाले. फाळणीनंतर ते मुंबईला आले, ह्याच रस्त्यावर पुन्हा दुकान थाटलं, आणि मग सिनेमात पैसे घातले.

१९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' पडला. पण एका प्रसंगाला पब्लिक टिकून होतं: पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करायला येतात, तो. तुलसी आणि श्याम ह्या मुलांच्या ते लक्षात आलं. लोकांना एवढंच हवंय, तर एवढंच देऊ! १९७२ला 'दो गज़ ज़मीन के नीचे' आला. सगळं खटलं महाबळेश्वरला नेऊन शूटिंग उरकलं, घरच्या बायकांनी युनिटचा स्वयंपाक केला, खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. सात भाऊ, आणि कामं घरातच वाटलेली: गंगू कॅमेऱ्यावर, किरण साउंडला, अर्जुन एडिटिंगला, कुमार लिहायला, तुलसी-श्याम दिग्दर्शनाला. आपल्याकडे गणपतीत जशी डेकोरेशनची कामं वाटून घेतात, तसं. 'लो बजेट' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी घरच्या एका लग्नाचा हिशोब आधी जुळवून दाखवावा.

नाझ बिल्डिंगशी मामा थांबला. इथे वितरकांची ऑफिसं. सतराव्या वर्षी मामा थेटरचा पोऱ्या म्हणून इथे पेटी न्यायला यायचा. पेटी म्हणजे फिल्मची पत्र्याची पेटी, आत रिळांचे डबे. "नवीन प्रिंट मोठ्या थेटरांना. आमच्याकडे यायची तोवर तिची पार चाळण झालेली असायची." शंभर-दोनशे शो चाललेल्या प्रिंटवर उभे ओरखडे पडतात आणि पडद्यावर सतत पाऊस पडल्यासारखा दिसतो. हवेलीतही पाऊस, तळघरातही पाऊस. आवाजाची पट्टी फिल्मच्याच कडेला असते, त्यामुळे ओरखडे कानालाही ऐकू यायचे. नायिका जिना उतरतेय, पार्श्वसंगीत थांबलंय, आणि त्या शांततेत एक बारीक खरखर चालू. "तुमच्या मोबाइलमध्ये शांतता म्हणजे नुसती शांतता," मामा म्हणाला. "आमच्या शांततेत काहीतरी सरपटत असायचं."

मिनर्व्हा थेटरची जागा बघून मामा काही बोलला नाही. तिथून फॉकलंड रोडकडे वळलो. ह्या रस्त्याला आता शाहीर पठ्ठे बापूरावांचं नाव आहे, आणि परिसराला लोक पिला हाऊस म्हणतात, म्हणजे 'प्ले हाऊस'चा मुंबईने केलेला उच्चार. एके काळी नाटकं-तमाशांनी गजबजलेला भाग. पुढे तीच थेटरं सिनेमाची झाली. आल्फ्रेड टॉकीज बाहेरूनच पाहिलं. अगदी अलीकडच्या काळापर्यंत हाताने रंगवलेली पोस्टरं लावणारं म्हणून त्याची ख्याती. मामाच्या मते पेंटरच्या हातचं भूत छापील भुताच्या दुप्पट भयानक, कारण पेंटरने सिनेमा बघितलेलाच नसायचा. फोटोवरून चेहरा काढायचा आणि उरलेल्या जागेत मनाला येईल तेवढं रक्त ओतायचं.

मग चोर बाजार. शनिवार मुद्दाम निवडला होता, शुक्रवारी दुकानं बंद असतात. मटन स्ट्रीटवर ग्रामोफोनचे कर्णे, जहाजाची घड्याळं, झुंबरं, मध्येच एखादा मांडी घालून बसलेला लाकडी मुनीम. हवेलीच्या सेटला लागणारं निम्मं सामान इथे फुटपाथवर मांडलेलं. पोस्टरच्या दुकानात पोराने गठ्ठा उलगडला. तीस बाय चाळीस इंची जुना कागद घडीवर फाटायला आलेला असतो आणि त्याला ओलसर, कपाटातला वास येतो. नवं छापलेलं गुळगुळीत असतं. एका पोस्टरवर हिरवा पंजा, लाल आकाश, आणि कोपऱ्यात टॉवेल गुंडाळलेली बाई. भुताच्या सिनेमात बाईने आंघोळ केलीच पाहिजे हा त्या काळचा नियम. मला तो तेव्हाही भुतापेक्षा जास्त अस्वस्थ करायचा, आताही करतो. किंमत विचारली. "बारा सौ. ओरिजिनल है." मामाने कागद नाकाला लावला आणि खाली ठेवला. "परवाचं आहे. शाईचा वास येतोय."

दोन दुकानं सोडून मामा एकदम वाकला. गंजलेल्या पंख्यांच्या ढिगात एक काळा पत्र्याचा डबा पडला होता, बंबाएवढा, मागे आरसा, बाजूला तपकिरी काचेची खिडकी. प्रोजेक्टरचा लॅम्पहाऊस. मामाने झाकण उघडलं, आत हात घातला आणि बोटभर लांबीचा तांब्याचा मुलामा दिलेला तुकडा काढला. कार्बन.

तिथेच, हातगाड्यांच्या वाटेत उभं राहून त्याने मला शिकवलं. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, मध्ये जरासं अंतर. वीज त्या फटीतून उडी मारते आणि तो पांढरा जाळ आरशातून फिल्मवर जातो. कांड्या जळत जातात, अंतर वाढतं, म्हणून ऑपरेटरने सतत चाकी फिरवून त्या पुढे सरकवायच्या. लक्ष चुकलं की उजेड पिवळा पडतो, मग तांबूस, मग पडद्याच्या कडा विझू लागतात. इकडे दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपणार, पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की बदल.

"आणि मालक चिकट," मामा म्हणाला. "अँपिअर कमी ठेव म्हणायचा, कार्बन पुरवून वापर म्हणायचा. उरलेले तुकडे नळीत खोचून जाळायचो. मोठ्या हिरोच्या सिनेमाला असं केलं की पब्लिक शिव्या घालून खुर्च्या फाडायचं. भुताच्या सिनेमाला कुणी तक्रार करायचं नाही. सगळे जुने तुकडे मी भुतांसाठी ठेवायचो."

मी हसलो, पण तिथेच माझं कोडं सुटलं. रामसेंकडे दिवे कमी, म्हणून हवेलीचा एकच कोपरा उजळलेला, बाकी धूर आणि निळा-लाल कागद लावलेला झोत. कितीदा तर भर दिवसा काढलेली 'रात्र'. तो झाला कॅमेऱ्याचा अंधार. मुखवटा ज्या अंधारात बुडायचा, तो इथून, ह्या डब्यातून यायचा. अर्धा कंजूषपणा निर्मात्याचा, अर्धा थेटरमालकाचा, आणि दोन्हींच्या मधोमध एक मुखवटा, ज्याची कड बावीस वर्षांत मामाने कधी पाहिली नव्हती. रामसेंच्या 'पुराना मंदिर'मधला सामरी हा सैतान म्हणजे अजय अगरवाल, मुळात इंजिनिअरिंग शिकलेला उंचापुरा माणूस, हे मी त्याला सांगितलं, तर तो चक्क नाराज झाला. "माहीत नव्हतं तेच बरं होतं."

संध्याकाळी हट्टाने कुलाब्याला गेलो. मुकेश मिल १९८२च्या आगीनंतर बंद पडली, तेव्हापासून पडक्या वास्तूची भूमिका करत उभी आहे. शूटिंगवाले भाडं भरतात, बाकीच्यांना मज्जाव. तिथल्या भुताटकीच्या गोष्टी सिनेमावाले सांगतात. वॉचमनने आम्हाला फाटकातूनच परतवलं. भिंतीवरून पिंपळ बाहेर आलेला, मागे समुद्र, वाऱ्यावर मासळीचा वास. फाटकाच्या आत एक मोठा हॅलोजन लागला आणि अख्खं अंगण लख्ख झालं: प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा टँकर, झोपलेलं कुत्रं.

"बघ," मामा म्हणाला, "घालवली मजा."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून तो खिशातला तुकडा चाचपत होता. चाळीस रुपयांना घेतला होता, दुकानदार दहालाही द्यायला तयार होता. लालबागला उतरताना दांडी धरली तेव्हा पिवळ्या रंगावर त्याची चार काळी बोटं उमटली. मागून चढणाऱ्या बाईने ती पाहिली आणि दुसरी दांडी धरली.