गोझोला जाताय? आधी वारा बघा

माल्टाच्या सहलीत शेजारच्या गोझो बेटाच्या वाट्याला सहसा एक दिवस येतो. सकाळच्या बोटीने जायचं, किल्ला, प्राचीन मंदिर आणि एखादा किनारा उरकायचा, संध्याकाळच्या बोटीने परत. दोन तरुणांना हे जमतं. पाच वर्षांचं मूल आणि सत्तरीतले आजी-आजोबा बरोबर असतील तर उलटा बेत करा: मुक्काम गोझोवर, किमान पाच रात्री, शक्यतो सात, आणि माल्टाला एक दिवस. बेट जेमतेम १४ किलोमीटर लांब, ७ किलोमीटर रुंद. तेव्हा अंतराचा प्रश्नच नाही. प्रश्न असतो वाऱ्याचा. कुठल्या दिवशी कुठला किनारा पोहण्याजोगा असेल हे वारा ठरवतो, आणि एकाच दिवसासाठी आलेल्या माणसाला त्याच्याशी घासाघीस करता येत नाही.

आधी महिना. हवा तापते त्यापेक्षा समुद्र उशिरा तापतो आणि उशिराच निवतो. मे महिन्यात ऊन छान असतं, पण पाणी १८-१९ अंशांवर. मोठी माणसं एक डुबकी मारून बाहेर येतात, मुलांचे ओठ पाच मिनिटांत निळे पडतात. जूनच्या उत्तरार्धापासून पाणी सुखाचं होतं. ऑगस्टमध्ये ते २६-२७ अंश असतं, पण गर्दीही तेवढीच. १५ ऑगस्टला सांता मारियाचा सण असतो. त्या आठवड्यात माल्टाची निम्मी मंडळी गोझोवर उतरली आहेत की काय असं वाटतं, आणि गाडी बोटीवर चढवायला तासन्‌तास रांगेत थांबावं लागतं. शिवाय उन्हाळ्यात गावोगावच्या ‘फेस्टा’, म्हणजे गावच्या संतांचे उत्सव, चालू असतात. मिरवणूक आणि बँड बघायला मजा येते, पण फटाके सकाळीच सुरू होतात. झोपेच्या बाबतीत हळवं बाळ असेल तर घर घेण्याआधी त्या गावाची फेस्टा कधी आहे ते विचारून घ्या. आमचं मत विचाराल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. पाणी अजून २५ अंशांच्या आसपास, गर्दी ओसरलेली. एखादी गडगडाटी सर येते, तेवढी सोसायची.

माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. प्रौढांसाठी व्हिसाशुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना माफ. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि १५ दिवसांच्या आत आलेला घेतला जात नाही. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. चूक बहुतेकदा होते ती इटलीचं सिसिली जोडताना: ज्या देशात जास्त रात्री, अर्ज त्या देशाकडे. तीन रात्री गोझो आणि पाच रात्री सिसिली असेल तर माल्टाकडे अर्ज करून उपयोग नाही.

गोझोला प्रवासी विमानतळ नाही. माल्टाच्या विमानतळावरून माल्टाच्याच वायव्य टोकाला चिर्केव्वा धक्क्यावर जायचं. टॅक्सीने पाऊण ते एक तास, एक्स-१ बसने दीड तास किंवा थोडा जास्त. तिथून गाड्या नेणारी मोठी बोट २५ मिनिटांत गोझोच्या इम्जार बंदराला लागते. ही बोट रात्रीही चालते. व्हॅलेटाहून थेट इम्जारला जाणारी जलद बोट पाऊण तासात पोचवते, पण तिच्यावर गाडी चढत नाही आणि समुद्र खवळला की आधी तीच रद्द होते. तिच्या तिकिटावर सगळा बेत टांगू नका.

गाडी घ्यायचीच असेल तर गोझोवर उतरून घ्या. विमानतळावर घेतली की शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी परतताना बोटीच्या रांगेत तुम्हीही अडकलात. वाहतूक डाव्या बाजूने चालते. गावातल्या गल्ल्या दोन आरसे घासतील इतक्या अरुंद, त्यामुळे सात आसनी गाडीपेक्षा दोन लहान गाड्या परवडतात. मुलांची सीट गाडीबरोबरच आरक्षित करा, मुलाचं वय आणि वजन सांगून. नुसतं ‘चाइल्ड सीट’ लिहिलंत तर मिळेल ती घ्यावी लागते. बसने फिरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की जवळपास सगळ्या बस व्हिक्टोरिया या गोझोच्या मुख्य शहरातून सुटतात आणि तिथेच परत येतात. मार्सलफोर्नला ३१०, श्लेंदीला ३०६, द्वेराला ३११. बऱ्याच मार्गांवर तासाला एकच बस असते, म्हणजे एक चुकली की जेवणाची वेळ चुकली.

नावांचं थोडं. फलकावरचं स्पेलिंग आणि उच्चार यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. ‘एक्स’ म्हणजे ‘श’, ‘जे’ म्हणजे ‘य’, आणि ‘जी’ला लागून आडवी रेघ मारलेला ‘एच’ असेल तर ते जोडाक्षर बहुतेक मुकंच. म्हणून एक्सने सुरू होणारं शाग्रासारखं दिसणारं गाव प्रत्यक्षात ‘शारा’. आजोबांना बसचालकाशी बोलायचं असेल तर इंग्रजी चालतं, ती तिथली अधिकृत भाषाच आहे.

राहायला हॉटेलपेक्षा ‘फार्महाउस’ बरं: चुनखडी दगडाची जुनी शेतघरं, जाड भिंती, मधे चौक, मागे पोहायचा लहानसा तलाव. आठ माणसांचं कुटुंब एकत्र राहतं, स्वयंपाकघर हाताशी असतं. पण फोटोत न दिसणाऱ्या चार गोष्टी पैसे भरण्याआधी लेखी विचारा. जिना गोल आहे का, त्याला कठडा आहे का? जुन्या घरांत बऱ्याचदा नसतो. तळमजल्यावर निदान एक झोपायची खोली आणि न्हाणीघर आहे का? तलावाला कुंपण किंवा कुलूप लागणारं दार आहे का? आणि वातानुकूलनाची वीज भाड्यात धरली आहे की मीटरप्रमाणे वेगळी? शेवटचा मुद्दा सुटला की जुलै-ऑगस्टमध्ये निघतानाचं बिल बघून घाम फुटतो. गाडी नसेल तर घर व्हिक्टोरियात किंवा मार्सलफोर्नला घ्या. नादुर आणि शारा ही गावं टेकड्यांच्या माथ्यावर आहेत. किनारा नकाशावर दीड किलोमीटर दिसतो, पण भर उन्हात परतीची चढण चढताना बाबागाडी कोणी ढकलायची यावरून भांडणं होतात.

आता वारा. रोज रात्री दुसऱ्या दिवसाची दिशा, वेग आणि लाटांची उंची बघा. वेग १० नॉटच्या (ताशी सुमारे १८ किलोमीटरच्या) आत असेल तर कुठेही जा. १५ नॉटच्या वर असेल तर वाऱ्याकडे तोंड असलेला किनारा सोडून द्या. लहान मुलांसाठी लाट अर्ध्या मीटरच्या वर नको.

सर्वांत जास्त वाहतो तो वायव्येचा ‘मायिस्त्राल’. तो सुटला की उत्तरेकडचे राम्ला आणि मार्सलफोर्न खवळतात, पश्चिमेचं द्वेराही. त्या दिवशी दक्षिणेला जायचं: होन्दो किंवा इम्जार इश-शिनी (बंदराचं इम्जार नव्हे). होन्दोसमोर कोमिनो बेट आहे, पाणी नितळ आणि उतरायला शिड्या आहेत. इम्जार इश-शिनी ही अरुंद खाडी, गोट्यांचा छोटा किनारा. वाहन लावायला जागा थोडी, लवकर पोचा. आग्नेयेचा दमट ‘श्लोक्क’ (आपला श्लोक नव्हे) आला की हेच दोन्ही किनारे बिघडतात आणि राम्ला शांत होतो. ईशान्येच्या ‘ग्रिगाल’ला राम्ला आणि सान ब्लास टाळा, पश्चिमेला श्लेंदी गाठा. नैर्ऋत्येच्या वाऱ्यात नेमकी श्लेंदीच उसळते. एक फसवी गोष्ट: वारा पडला तरी लाट लगेच पडत नाही. कालचा जोरदार मायिस्त्राल आज थांबला असेल, तरी राम्लाला आणखी एक दिवस द्या.

राम्ला हा बेटावरचा सर्वांत मोठा वाळूचा किनारा. वाळू तांबूस, पाणी हळूहळू खोल होत जाणारं, म्हणून मुलांना उत्तम. पण लाटा असताना इथे किनाऱ्यापासून आत ओढणारा प्रवाह तयार होतो. उन्हाळ्यात जीवरक्षक असतात. लाल बावटा असेल तर गुडघाभर पाण्यातही मुलांना सोडू नका, दोन लाल म्हणजे समुद्र बंद. सावली अजिबात नाही, छत्री न्या, आणि दहाच्या आत पोचा. सान ब्लास दिसायला राम्लाहून देखणा, पण उतरायचा रस्ता इतका खडा आहे की गुडघेदुखीवाल्यांनी त्या वाटेला जाऊच नये.

जांभळा बावटा म्हणजे जेलीफिश. इथली नेहमीची जात लहान आणि जांभळट असते. वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहत असेल तर त्या खाडीत गोळा होतात, म्हणजे पुन्हा तोच नियम: उलट्या बाजूचा किनारा धरा. डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोड पाणी ओतलं किंवा चोळलं तर कातडीला चिकटलेल्या न फुटलेल्या पेशी फुटतात आणि आग वाढते. खाण्याचा सोडा आणि समुद्राचं पाणी समप्रमाणात कालवून दोन-तीन मिनिटं लावा. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर ११२. रुग्णालय व्हिक्टोरियातच आहे. खडकांवर समुद्री साळिंदरं असतात, म्हणून प्रत्येकाला रबरी तळव्याचे पाण्यातले बूट हवेतच.

द्वेराला जाताना जुने फोटो बघून जाऊ नका. दगडी कमानीची ‘अझुर विंडो’ ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. ‘इनलंड सी’ मात्र आहे: कड्याआडचं छोटं तळं, साधारण ८० मीटरच्या बोगद्याने समुद्राला जोडलेलं. शांत दिवशी लहान होडी त्यातून बाहेर काढून आणते. बाहेर लाट असेल तर होड्या बंद, तेव्हा हे वारा नसलेल्या दिवसासाठी राखून ठेवा.

समुद्र नकोसा असेल त्या दिवशी शारातलं जगंतिया. साडेपाच हजार वर्षांपूर्वीची दगडी मंदिरं, इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी. सकाळी उघडताच जा, आत उन्हापासून आडोसा नाही. त्याच तिकिटात जवळची ता’ कोला पवनचक्की बघता येते, मुलांना बहुधा तीच जास्त आवडते. श्वेय्नीची मिठागरं संध्याकाळी बघा. तिथे अजूनही मीठ पिकतं, म्हणून वाफ्यांत पाय घालू नये. कोमिनोच्या ‘ब्लू लगून’साठी २०२५ पासून आधी ऑनलाइन नोंदणी लागते. भर उन्हाळ्यात दुपारी तिथे जायचा हट्ट मुलांसाठी तरी करू नका.

शाकाहाऱ्यांची अडचण होत नाही, विचारावं मात्र लागतं. पास्तित्सी ही सारण भरलेली खुसखुशीत पेस्ट्री चीजची किंवा वाटाण्याची असते, पण पारीत प्राण्याची चरबी असू शकते. गोझोची फ्तिरा, म्हणजे पिझ्झासारखी भाजलेली चपटी रोटी, बटाटा, टोमॅटो, ऑलिव्हची. मासा नको असेल तर भट्टीत जाण्याआधी सांगा. लहान दुकानं दुपारी तीन-चार तास बंद असतात, दूध-पाव सकाळीच आणून ठेवा. नळाचं पाणी बऱ्याच अंशी समुद्राचं पाणी गोडं करून मिळवलेलं, पिण्यास सुरक्षित, चव मात्र सगळ्यांना मानवत नाही. प्लग तीन चौकोनी पिनांचे, ब्रिटिश पद्धतीचे.

गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीचं तिकीट जाताना लागत नाही, परतताना इम्जारला घ्यायचं: प्रौढांना ४.६५ युरो, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना १.१५. परतीचा हिशेब असा करा: घर ते बंदर १५ मिनिटं, बोटीची वाट ४५, बोट २५, टॅक्सी तासभर, विमानतळावर दोन तास. झाले जवळपास साडेचार तास. बसने जाणार असाल तर आणखी एक मिळवा. विमान सकाळी नऊच्या आधीचं असेल आणि वायव्येचा जोरदार वारा सांगितला असेल, तर शेवटची रात्र माल्टात काढा.