एक्वुस, काबाल्लुस आणि आपला घोडा

अलिबागला ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्याकडे टांगे निघतात. त्यांना जुंपलेल्या जनावराचं शास्त्रीय नाव एक्वुस काबाल्लुस, १७५८ सालचं, स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने दिलेलं. दोन्ही लॅटिन शब्द घोड्याचेच! एक्वुस हा आपल्या अश्वाचा सख्खा भाऊ. लॅटिनच्या ‘क्व’ला संस्कृतात ‘श्व’. काबाल्लुस म्हणजे ओझ्याचं, राबणारं घोडं. बोलीत टिकला तो हाच, त्यातूनच पोर्तुगीज ‘कावालु’ आला. रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटात तोच चालत असणार. आपल्याकडेही अश्व पोथीत राहिला आणि घोटकाचा घोडा घरोघरी पोचला. घोडीने मात्र जुनं नाव सोडलं नाही: लॅटिन ‘एक्वा’, पोर्तुगीज ‘एग्वा’. ‘इक्विनॉक्स’मध्ये, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या इंग्रजी नावात, घोडा शोधू नका, तिथला ‘ऐक्वुस’ वेगळा, त्याचा अर्थ समान.