राखेच्या ढिगापाशी मामांचा हिशोब

हंपीबद्दल मी लिहिणार नाही. हंपी सुंदर आहे, दगडी रथापाशी फोटोसाठी रेटारेटी आहे, आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते तिथून बळ्ळारीकडे जाताना कुडतिनीजवळ बघितलेल्या राखेच्या ढिगाबद्दल. त्यासाठी गाडी थांबवणारे फारसे कुणी नसावेत. आम्ही होतो तेवढा वेळ तिथे दुसरं कुणी आलं नाही.

विट्याहून जत, विजापूर करत आम्ही गेलो होतो. सोबत मामा होते. मामा आटपाडी तालुक्यातले, आयुष्य गुरांत गेलेलं. खरसुंडीच्या बाजारात खोंडाचे दात बघून वय सांगणारा माणूस. देवळं बघून ते कंटाळले होते, पण या ढिगापाशी उतरल्यावर गाडीत परत बसायला तयार होईनात.

लांबून ती मुरमाची टेकडीच वाटते. जवळ गेल्यावर कळतं की सगळी राख आहे, करडी, पावसाने चिरलेली. मधूनमधून हिरवट-काळे गोळे, भोकाभोकांचे, काचेसारखे वितळून घट्ट झालेले. मामांनी पायाशी पडलेला एक गोळा उचलला, वजन बघितलं, वास घेतला आणि जिथला तिथे ठेवला. "शेण हाय," म्हणाले.

हेच ठरवायला अभ्यासकांना केवढा काळ लागला! लोक असल्या ढिगांना राक्षसांची राख म्हणत. हंपीजवळ निंबापूरला असाच ढीग आहे, तो वालीच्या चितेचा मानतात. इंग्रज अधिकाऱ्यांनी ज्वालामुखीपासून भट्ट्यांपर्यंत तर्क लढवले. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकातच ही शेणाची राख असल्याचं म्हटलं होतं. पण खात्री पटली ती 1957 मध्ये, जेव्हा पुरातत्त्वज्ञ आल्चिन यांनी आताच्या तेलंगणातलं उटनूर खोदलं. तिथे राखेच्या थरांत गुरांच्या खुरांचे ठसे मिळाले आणि भोवती कुंपणाच्या खांबांचे खड्डे. म्हणजे हे नवाश्मयुगातले गुरांचे वाडे. लोखंड नाही, दगडी कुऱ्हाडी वापरणारी माणसं, साधारण चार-पाच हजार वर्षांपूर्वीची.

मी हे मामांना सांगत होते आणि ते ढिगाभोवती चालत होते. मग म्हणाले, "छावणी बघितलीस न्हवं तू?"

बघितली होती. 2012-13 च्या दुष्काळात मामांची जनावरं चारा छावणीत होती आणि मामीसुद्धा तिथेच, ताडपत्रीखाली चूल मांडून. गावोगावची गुरं एका माळावर दावणीला, आणि कडेला शेणाचे वाढत चाललेले ढीग.

"एका घरच्या जनावरांचं शेण किती हुतं मला ठावं हाय," मामा म्हणाले. "ह्यो एका घराचा ढीग न्हाय. धा-ईस घरांनी गुरं एका जागी आणल्याबिगर एवढं साठत न्हाय. आन् गुरं एका जागी आणायची म्हंजी आधी माणसांचं जमाय पायजे. पाण्याला कुणाची आधी, राखणीला रातचं कोण. आमच्यात रोज भांडणं व्हायची."

मी वाचलेल्या पानांत असं काही नव्हतं. "नवाश्मयुगीन समूहजीवन" हे शब्द मी कितीदा वाचले होते, पण त्यात रात्रीच्या राखणीवरून भांडणारी माणसं दिसली ती त्या वेळी पहिल्यांदा.

पण एवढं शेण पेटवलं कशासाठी, यावर मामा अडले. शेणाची गवरीसुद्धा वाया न घालवणाऱ्या माणसाला हे पटेना. आल्चिन यांनी या आगींचा संबंध गुरांच्या सणांशी जोडला होता, होळी-दिवाळीच्या जाळांशी. मामा म्हणाले, गोचीड, नाहीतर रोगराई. काही असो, राख वितळून काच होईपर्यंत भट्टी पेटते ती चुकून नव्हे, आणि त्याच जागी पुन्हापुन्हा तर नाहीच. पेटवायचा दिवस ठरवायला गाव बसलं असेल, यावर आमचं एकमत झालं.

तिथून आम्ही संगनकल्लूला गेलो, तीही नवाश्मयुगातलीच जागा, बळ्ळारी शहराला लागूनच. तिथल्या सन्नरसम्मा टेकडीवरही खाली राखेचा थर आणि त्यावर नंतरची वस्ती, गोल झोपड्यांची. 1940 च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या सुब्बारावांनी इथे उत्खनन केलं. अलीकडच्या उत्खननांत जळलेले दाणे सापडले: मूग, बारीक भरडधान्यं आणि हुलगे. हुलगे ऐकल्यावर मामा खूश. आमच्याकडे पावसाने दगा दिला तरी हुलगा येतो, आणि थंडीत माडगं त्याचंच.

शेजारच्या हिरेगुड्डावर चढताना ऊन फार लागलं. सावली नाही, पाटी नाही, वाट काटेरी. शेळ्या राखणाऱ्या एका पोराने वाट दाखवली, मामांच्या तोडक्या कानडीला मनापासून उत्तरं दिली आणि पैसे घेतले नाहीत. या डोंगरातून काळ्या डोलेराइट दगडाचा पट्टा जातो. तो फोडून इथे कुऱ्हाडी घडवत आणि ग्रॅनाइटवर घासून धार आणत. त्या घासण्याच्या खाचा अजून आहेत. मी एका खाचेत बोटं फिरवली. तळ काचेसारखा गुळगुळीत, कडेला मात्र दगड खरखरीत. जवळच दुसरी खाच, पुढे आणखी एक. मी एकीपाशी आणि मामा दुसरीपाशी बसले, तर हळू आवाजातलं बोलणंही ऐकू येत होतं. इतकं किचकट, हात भरून आणणारं काम गप्पा मारत होत असणार.

वर काळ्या शिळांवर वशिंडाचे, लांब शिंगांचे बैल कोरलेत. काही शिळा ठोकल्यावर घंटेसारख्या वाजतात आणि त्यांवर ठोकल्याच्या जुन्या खुणा आहेत. आम्ही ठोकल्या नाहीत, ठोकू नयेत.

उतरताना राग आला तो खाणींचा. ग्रॅनाइटसाठी या टेकड्यांचे लचके तोडले गेलेत, कापलेले कडे उघडे पडलेत. चित्रांच्या शिळांनाही या खाणकामाचा धोका आहे, हे अभ्यासकांनी 2004 मध्येच लिहून ठेवलंय. बळ्ळारीत फूट यांच्या नावाचं संग्रहालय आहे, तिथे इथल्या कुऱ्हाडी बघायला मिळतात. पण खाचा कपाटात ठेवता येत नाहीत, त्या डोंगरावरच बघाव्या लागतात. हंपीला जाणार असाल तर सकाळ राखून ठेवा, पाणी भरपूर घ्या, आणि शक्य झालं तर गुरं पाळलेलं एखादं माणूस बरोबर न्या.