एमटी 180 डीची मागची चाकं: रिम दुसरी, डिस्क मूळचीच

माझ्या जुन्या मित्सुबिशी शक्ती एमटी 180 डी ट्रॅक्टरचं इंजिन आणि गिअर बॉक्स आता ठाकठीक आहेत, म्हणून या वेळची नोंद फक्त मागच्या चाकांची. दोन्ही रिमा खलास झाल्या होत्या. बाहेरून रंग बरा दिसायचा, पण टायर उतरवले तेव्हा व्हॉल्व्हच्या भोकाभोवतीचा पत्रा नुसत्या बोटाने दबत होता.

हा ट्रॅक्टर निफाडकडच्या द्राक्षबागेत राबलेला. 18.5 अश्वशक्ती, तीन सिलिंडर, अंग अरुंद. आठ-नऊ फुटांच्या दोन ओळींमधून फवारणीचा ब्लोअर घेऊन आरामात फिरणारा. पण द्राक्षबाग म्हणजे मोरचूद आणि चुना. या दोघांच्या फवाऱ्याचे, म्हणजे बोर्डोचे, थेंब वर्षानुवर्षं रिमच्या कडेवर साचतात आणि मोरचूद लोखंडाला खातं. त्यात आधीच्या मालकांनी पकड वाढावी म्हणून चाकांत पाणी भरलेलं. पाणी ट्यूबमध्ये असलं तरी व्हॉल्व्हपाशी झिरपतंच, आणि ट्यूब व रिम यांच्या फटीत ओल धरून बसते. म्हणून जुना बागेतला ट्रॅक्टर बघायला गेलात तर टायरच्या नक्षीआधी व्हॉल्व्हच्या आसपास बघा. तिथे गंजाचे ओघळ दिसले की रिमचा खर्च धरूनच भाव करा.

‘चाक मिळेल का?’ असं विचारत फिरलं की हाती काही लागत नाही, हे मला या शोधात पक्कं कळलं. चाक म्हणजे टायर, रिम (टायर बसतो ते कडं) आणि डिस्क (एक्सलच्या टोकाला, म्हणजे हबला, नट-बोल्टने बसणारी मधली तबकडी). तिघांचा बाजार वेगळा आणि तिघांची मापंही वेगळी.

टायरचं काम सर्वांत सोपं निघालं. मागचं माप 8.00-18 (टायरची रुंदी 8 इंच, रिमचा व्यास 18 इंच), आणि महिंद्रा युवराज 215 लाही हेच माप लागत असल्याने माल अजून बाजारात येतो. तरी पहिल्याच दुकानात ऐकावं लागलं, “भाऊ, 18ची कोण मागतं आता? 20ची घेऊन जा, 8.3ची. काही फरक पडत नाही.” फरक पडतो. 20ला रिमच वेगळी लागते, शिवाय चाक उंच झालं की त्याच गिअरमध्ये वेग वाढतो, ओढ कमी होते आणि मडगार्डखालची जागा आवळते. टू व्हील ड्राइव्हमध्ये हे एक वेळ निभावेल. फोर व्हील ड्राइव्हवाल्यांनी मात्र या वाटेला जाऊच नये. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या घेरांचं गणित कारखान्यात बसवलेलं असतं. एकच जोडी बदलली की कोरड्या कडक जमिनीवर सगळा ताण गिअरांवर येतो.

मोठा जुना ट्रॅक्टर हाताळणाऱ्यांसाठी मापांबद्दल थोडं. जुन्या पद्धतीतलं 8-24 म्हणजे आजचं 9.5-24, 10-28 म्हणजे 11.2-28 आणि 12-28 म्हणजे 13.6-28. जुन्या पुस्तिकेतला आकडा दुकानदाराला सांगितला आणि त्याने नकारार्थी मान हलवली, तर नवा आकडा सांगून बघा. आपलं 8.00-18 अजून त्याच नावाने मिळतं. घेताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. दुकानात पडून राहिलेला टायर नवा दिसतो, पण नक्षीच्या मुळाशी बारीक भेगा असतात. टॉर्च मारून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

खरी अडचण रिम आणि डिस्कची होती. माझ्या चाकात डिस्क रिमला वेल्ड केलेली आहे. डिस्क जाड पत्र्याची, गंज फक्त वरवरचा. भोकंही गोल, लांबट झालेली नाहीत. म्हणजे डिस्क वाचवायची आणि तिच्याभोवती रिम शोधायची. एवढं ठरल्यावर शोध सोपा झाला, कारण आता भोकं जुळणारं चाक नको होतं, फक्त 8.00-18 टायरची धड रिम हवी होती. मालेगावकडच्या एका भंगारवाल्याकडे मोडीत निघालेल्या दुसऱ्या छोट्या ट्रॅक्टरची जोडी मिळाली. त्याची डिस्क आपल्या हबवर बसत नव्हती, पण रिम सरळ होत्या, कडा शाबूत, व्हॉल्व्हचं भोक स्वच्छ.

जुन्या रिमला हात लावण्याआधी मापं घ्या. एकदा कापलं की ती परत मिळत नाहीत. रिमच्या काठावर सरळ पट्टी आडवी ठेवून पट्टीपासून डिस्कच्या हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर चार ठिकाणी मोजलं. हाच ऑफसेट, तो चुकला तर टायर मडगार्डला घासतो नाहीतर चाक बाहेर फेकलं जाऊन बेअरिंगवर भार येतो. मग मधल्या भोकाचा व्यास, आणि भोकांच्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. सहा भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर हाच पीसीडी. पाच असतील तर समोर भोक नसतं, म्हणून शेजारच्या दोन केंद्रांमधलं अंतर मोजून 0.588 ने भागायचं. शिवाय डिस्कवर जाड पुठ्ठा ठेवून भोकांचा छाप काढून घेतला. भंगारच्या ढिगाऱ्यात टेपपेक्षा हा पुठ्ठा लवकर उत्तर देतो.

डिस्क सोडवायचं काम अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये झालं. गॅस कटरने कापून देणारे रस्त्यावर खूप आहेत, पण त्या उष्णतेने डिस्क वाकते. मोठ्या लेथवर वेल्डिंगचा थर उतरवून डिस्क अलगद बाहेर काढली. मिस्त्री अनुभवी, त्यांनी नवी रिम आणि जुनी डिस्क आधी वेल्डिंगच्या चार छोट्या टाक्यांनी धरली, आपल्याच हबवर बसवून फिरवली आणि डायल गेजने डगमग बघितली. मी 2 मिलिमीटरच्या आतच हवं म्हणून अडून बसलो आणि त्यांनी ते करून दिलं. नंतर समोरासमोर थोडंथोडं वेल्डिंग, मधे थंड होऊ द्यायचं, पुन्हा गेज. वेळ लागतो, पण एका दमात ओढलेलं वेल्डिंग रिमला नक्की ओढतं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. टायर चढवलेल्या रिमवर कधीही वेल्डिंग करू नका, हवा काढलेली असली तरी नाही. तापलेल्या रबरातून निघणारा वायू आत कोंडतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. टायर पूर्ण उतरवा, मगच वेल्डिंगला हात घाला.

रंगाला झिंक प्रायमर, वर दोन हात. डिस्कच्या हबला टेकणाऱ्या भागावर आणि नटांच्या बैठकीवर मात्र पातळ प्रायमरच. जाड रंग दाबाखाली चेपतो आणि नट सैल पडतात. ट्यूब नव्या, टीआर 218 ए व्हॉल्व्हच्या. या व्हॉल्व्हमधून पाणीही भरता येतं, पण मी भरणार नाही. वजन हवंच झालं तर बिडाची वजनं लावेन, ती काढता तरी येतात.

डिस्क उलटवून चाकांमधलं अंतर बदलणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: चाक त्याच बाजूला उलटं बसवलं तर नक्षीची दिशाही उलटते. म्हणून डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे न्यावं लागतं. ट्रॅक्टरमागे उभं राहून बघा, नक्षीचं टोक वर दिसलं की बरोबर. मी अंतर बागेतल्या मापाचंच, अरुंद ठेवलं आहे. नट आडवे-तिरपे आवळले आणि शेतात तासभर चालवल्यावर पुन्हा पाना लावला. दोन-तीन नट थोडे फिरले.

आता पुढची चाकं. त्यांचं माप 5.20-14, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचंच. त्यामुळे गाडीचे टायर कुठे कुठे मिळतात, पण मला शेतात स्टिअरिंग धरून ठेवणारे तीन पट्ट्यांचे एफ-2 नक्षीचेच हवे आहेत. उजव्या रिमचा काठ एका जागी दबला आहे आणि तो ठोकून सरळ करायची माझी तयारी नाही. कुणाकडे एमटी 180 डीची पुढची रिम पडून असेल तर मधल्या भोकाचा व्यास, पीसीडी आणि ऑफसेट मोजून कळवा; पुठ्ठ्याचा छाप मी पाठवतो.