घड्याळातली वॉकीटॉकी, तीन मजले आणि पाच रुपयांचा एसेमेस

आधी एक सांगते, मी काही गॅजेटवाली बाई नाही. पुण्यात नारायण पेठेत आमचं छोटं दुकान आहे खाली आणि स्वयंपाकघर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हे खाली गल्ल्यावर, मी आणि दोघी मदतनीस वर. गणपतीच्या आधीचे आठ दिवस म्हणजे दर पाच मिनिटाला खालून फोन, आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत मोदकांच्या उकडीत. फोन घ्यायचा म्हणजे हात धुवायचे, पुसायचे, तोवर कट होतो, मग आपण लावायचा, मग ते गिऱ्हाइकाशी बोलत असतात. आणि उकड तर गार होऊन चिरायला लागते, ती काही थांबत नाही कोणासाठी.

ह्यांच्या डोक्यात खऱ्या वॉकीटॉक्या घ्यायचं होतं, ऑनलाईन बघूनही ठेवल्या होत्या. पण लेक म्हणाली बाबा वाटेल ते सेट घेऊ नका, लायसन्स लागतं, विनालायसन्स चालतात ते कमी ताकदीचे 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवाले, आणि 2025 मध्येच सरकारने त्या ऑनलाईन विक्रीवर नियम काढलेत. ती अमेरिकेतून जुलैत आली तेव्हा स्वतःचा जुना आयफोन 14 मला आणि दोन वापरलेली ॲपल वॉच आम्हाला देऊन गेली. ह्यांच्याकडे आयफोन 11 होताच. घड्याळातच वॉकीटॉकी असते हे मला तेव्हा कळलं. 2018 पासून आहे म्हणे! पिवळं चित्र असतं, त्यात समोरच्याचं नाव, बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. आवाज थेट समोरच्याच्या मनगटातून येतो, त्याने काही उचलायचं वगैरे नाही. मी म्हटलं हेच, अगदी हेच पाहिजे.

घड्याळं जोडणं वगैरे लेकीने जाण्याआधी करून दिलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त दोघांचे ॲपल आयडी वेगवेगळे पाहिजेत, नवऱ्याच्याच आयडीवर बायकोचा फोन असं आपल्याकडे सर्रास असतं ते इथे चालत नाही.

आता मुख्य रड.

अमेरिकेतल्या आयफोन 14 ला सिमकार्डाची खाचच नसते, सगळं ईसिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं, कार्डाशिवायचं सिम. माझं सिम जुन्या फोनमध्ये. लेक गेल्यावर मी ते काम टाळत टाळत शेवटी सोमवारी, 18 ऑगस्टला, चतुर्थीला नऊ दिवस उरले असताना भर पावसात मोबाईल कंपनीच्या गॅलरीत गेले. टोकन, आधार, फोटो, सव्वा तास. झालं ईसिम. मुलगा म्हणाला मॅडम सगळं चालू आहे, आणि मला घरच्या वायफायचा प्लॅनही विकायला बघितला.

घरी आले, ह्यांच्या घड्याळातून मला वॉकीटॉकीचं इन्व्हाईट पाठवलं. माझ्या नावाचं कार्ड राखाडी. मी स्वीकारलं की ते पिवळं होतं, पण स्वीकारायला माझ्याकडे काही यायला तर पाहिजे! काहीच नाही. दोघं एकमेकांशेजारी बसून मनगटाकडे बघतोय, जसं काही कुकरची शिट्टी व्हायची आहे.

लेकीला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली ही वॉकीटॉकी फेसटाईमवर, म्हणजे ॲपलच्या व्हिडिओ कॉलच्या ॲपवर चालते, दोघांच्या फोनमध्ये फेसटाईम चालू पाहिजे. पहिला शोध हा की ह्यांनी फेसटाईम 'नुसतंच जागा खातं' म्हणून उडवून टाकलं होतं, ते परत घेतलं. दुसरा शोध, माझ्या सेटिंगमध्ये फेसटाईमच्या खाली लिहिलेलं 'वेटिंग फॉर ॲक्टिव्हेशन'. ह्याला चोवीस तास लागू शकतात म्हणे. ठीक आहे, थांबू.

त्याच संध्याकाळी लक्षात आलं की बँकेचा ओटीपी येत नाहीये आणि नव्या फोनवर यूपीआय पण सुरू होत नाहीये. गिऱ्हाइकांचे पैसे माझ्या खात्यावर येतात हो! कस्टमर केअरला फोन केला तर 'आपके नंबर पे कोई इशू नहीं है मॅम'. दुसऱ्या दिवशी पुन्हा गॅलरी, पुन्हा टोकन, तेव्हा दुसऱ्याच मुलाने सांगितलं की सिम बदललं की पहिले चोवीस तास एसेमेस येणं-जाणं दोन्ही बंद असतं. 2022 पासून दूरसंचार खात्याचा तसा आदेशच आहे, कोणी तुमच्या नावाने सिम काढून खातं साफ करू नये म्हणून. नियम चांगला आहे, माझी काही तक्रार नाही, पण बाळा हे काल सांगायचं ना! वायफायचा प्लॅन सांगायला वेळ होता. (तुम्ही सिम बदलणार असाल तर एक दिवस आधी सगळी देणीघेणी उरकून घ्या, हा ह्यातला सगळ्यात कामाचा सल्ला.)

मंगळवारी संध्याकाळी यूपीआय झालं, ओटीपी यायला लागले. फेसटाईम? वेटिंग फॉर ॲक्टिव्हेशन. बुधवारी तेच. बंद केलं, चालू केलं, फोन बंद करून चालू केला, तारीख-वेळ आपोआपवर आहे का बघितलं, अपडेट मारला. लेक तिकडे रात्री जागून सांगतेय, मी इकडे खोबरं खवता खवता करतेय. ह्यांचं मध्येच, 'अगं सोड ना, मी घंटी बांधतो दोरीला.'

गुरुवारी तिसऱ्यांदा गॅलरी. यावेळी मी नीट विचारलं, की फेसटाईम सुरू व्हायला फोन स्वतःहून एक एसेमेस पाठवतो तो जात नाहीये का? मुलाने माझ्या फोनवरून स्वतःच्या नंबरला एसेमेस केला, टिंग वाजलं. 'बघा मॅडम, जातोय. तुमच्या पॅकमध्ये तर रोजचे 100 एसेमेस फ्री आहेत. प्रॉब्लेम फोनचा आहे, अमेरिकेचा आहे ना.' आता ह्यावर काय बोलणार. पुरावाच दिला की त्याने. मी घरी येऊन लेकीला म्हटलं तुझा फोनच खराब, ती चिडली, आम्ही दोघी अर्धा दिवस बोललो नाही.

सुटलं कुठे माहितीये? आमच्या कोपऱ्यावर रिचार्जची टपरी आहे, एक माणूस बसेल एवढी. संध्याकाळी कोथिंबीर घेऊन येताना सहज त्या पोराला म्हटलं. त्याने वर बघितलंसुद्धा नाही. 'काकू, मेन बॅलन्स किती आहे?' मी म्हटलं पॅक आहे ना तीन महिन्यांचा. 'पॅक नाही, मेन बॅलन्स. तो ॲक्टिव्हेशनचा मेसेज परदेशात जातो, त्याला फ्री वाले चालत नाहीत.' बघितलं तर बॅलन्स शून्य रुपये शून्य पैसे. पोस्टपेडवाल्यांना हे कळतही नाही, बिलात जातं. प्रीपेडवाले आपण, सगळं अनलिमिटेड आहे म्हणून मेन बॅलन्समध्ये वर्षानुवर्षं छदाम नसतो. म्हणजे एसेमेस जात होते हे खरं, फक्त भारतात.

दहाचा टॉपअप मारला, कर वगैरे कापून 7 रुपये 47 पैसे आले. तिथेच टपरीसमोर उभं राहून फेसटाईम बंद करून चालू केलं. दोन मिनिटात ते वेटिंगचं वाक्य गेलं आणि माझा नंबर तिथे आला, बॅलन्स उरला 2 रुपये 47 पैसे. पाच रुपयांसाठी चार दिवस, तीन टोकनं आणि लेकीशी भांडण. मी त्या पोराला दुसऱ्या दिवशी अकरा मोदक नेऊन दिले. गॅलरीत एकही दिला नाही, देणारही नाही.

जिना चढता चढताच मनगट थरथरलं, इन्व्हाईट आलं, 'ऑलवेज अलाऊ' केलं. वरून खाली बघितलं तर हे रस्त्यावर येऊन हात वर करून घड्याळ दाखवतायत, कार्ड पिवळं!

आता वापराचं. उकडीच्या बोटाने स्क्रीन दाबली जात नाही नीट, ओलं बोट असलं की भलतंच काहीतरी होतं. मी बोटाचं मधलं पेर वापरते. नाहीतर ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'टॅप टू टॉक' म्हणून आहे, ते चालू केलं की दाबून धरावं लागत नाही, एकदा टेकवलं की सुरू, परत टेकवलं की बंद. हे मला चतुर्थीनंतर कळलं, तुम्ही आधीच करा.

दुसरं, दाबल्या दाबल्या बोलायचं नाही. 'कनेक्टिंग' दिसत असतं ते जाऊ द्यायचं, नाहीतर पहिले शब्द जातात. आणि शेवट तर त्याहून जपायचा, कारण आपल्या मराठीत नाही हा शब्द शेवटी येतो ना! मी घाईत म्हणाले, 'एकवीसची ऑर्डर आता घेता येणार नाही', आणि 'णार' वर पेर उचललं. खाली ऐकू आलं, 'एकवीसची ऑर्डर आता घेता येणार'. घेतली ह्यांनी. ॲडव्हान्ससकट. तेव्हापासून मी आधीच 'नाही' म्हणते, 'नाही, एकवीसची नाही', थोडं रागावल्यासारखं वाटतं पण चालतं.

तिसरं, आवाज थेट फुटतो हे लक्षात ठेवा. मी वरून म्हटलं, 'अहो, त्या पेणच्या तांदळाच्या नाहीत का विचारणाऱ्या बाई आल्या तर सांगा आंबेमोहोरच आहे, उगाच शिकवायला येऊ नका म्हणावं.' त्या बाई गल्ल्यासमोरच उभ्या. बरं, फोन सायलेंटवर ठेवूनही सुटका नाही, घड्याळ सायलेंट असलं तरी वॉकीटॉकीचा आवाज येतोच. नको असेल तेव्हा ॲपमध्ये वरचं बटण बंद करायचं किंवा थिएटर मोड लावायचा. गिऱ्हाईक जास्त असलं की हे आता तेच करतात, आणि मग मला वाटतं परत बिघडलं.

आपलं बोलणं कोणी ऐकतं का असं माझ्या जावेने विचारलं. बटण दाबल्याशिवाय आपला आवाज जात नाही. पण जुलै 2019 मध्ये समोरच्याच्या आयफोनमधून चोरून ऐकता येईल अशी त्रुटी सापडली होती आणि ॲपलने ही सोय काही दिवस बंदच ठेवली होती, मग अपडेट देऊन सुरू केली. म्हणून अपडेट टाळू नका, एवढंच.

रेंजला मर्यादा नाही कारण हे सगळं इंटरनेटवरून जातं. हे नारळाला मंडईत गेले तरी बोलता येतं. पण त्याच कारणाने नेट गेलं की घड्याळ म्हणजे नुसतं घड्याळ. आणि विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर पथकं सुरू झाली की ढोलापुढे ह्यांना मी ऐकू येत नाही, मला हे. त्या दिवशी दोरी आणि घंटीच बरी होती, असं हे अजून म्हणतात.

हो, एक राहिलं. परदेशातून कोणाचा वापरलेला फोन येणार असेल तर तो तिथल्या कंपनीकडून अनलॉक आहे ना, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालेल ना, हे तिथे असतानाच विचारून घ्या, माझ्या लेकीने हप्ते फेडलेले होते म्हणून वाचले. आणि त्यात मेन बॅलन्स टाका. दहाचा.