अकरा तारीख की अकरावा महिना? आमच्या दुकानाची वाटचाल

1996 साली माझ्या सासऱ्यांनी कॅम्पात, पोलिस आयुक्तालयापासून चालत पाच मिनिटांवर, एक टाइपरायटर, एक झेरॉक्स मशीन आणि तीन स्टुलं एवढ्या भांडवलावर दुकान टाकलं. पाटीवर लिहिलं होतं : टायपिंग, झेरॉक्स, अ‍ॅफिडेव्हिट. गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांपुढे होते ते भाडेकरार करणारे आणि रेशन कार्डाचे अर्ज लिहून घेणारे.

पण आयुक्तालयातच परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं ऑफिस होतं. कोरेगाव पार्कातल्या आश्रमात राहणारी गोरी मंडळी मरून रंगाच्या झग्यात तिथे जायची आणि ‘हे टाइप करून आणा’ असं ऐकून आमच्या स्टुलांवर येऊन बसायची. सासरे कोर्टात टंकलेखक होते. त्यांचं इंग्रजी सगळं कोर्टातलं. एका इटालियन मुलीचा व्हिसा वाढवून मिळावा म्हणून केलेला अर्ज त्यांनी ‘मोस्ट रिस्पेक्टफुली शोवेथ’ अशा थाटात सुरू केला होता, जणू ती फाशीविरुद्ध दाद मागत होती. मुदतवाढ मिळाली. त्यानंतर त्या मुलीच्या ओळखीचे आठ-दहा जण आले, आणि दुकानाचा धंदा बदलला तो असा. ठरवून काही नाही.

मी 2003 मध्ये लग्न होऊन या घरात आले आणि सहा महिन्यांत काउंटरवर बसले. तोवर गिऱ्हाईक बदलू लागलं होतं. झगे कमी झाले आणि दोन नवी माणसं दारात दिसायला लागली. पहिली म्हणजे पुण्याच्या मुलांशी लग्न करून इथे राहायला आलेल्या परदेशी सुना. दुसरी म्हणजे तीस-चाळीस वर्षं अमेरिकेत किंवा इंग्लंडात काढून ‘आता शेवट आपल्या गावात’ म्हणत परतलेले काका-काकू. जन्म सदाशिव पेठेतला, शिक्षण भावे स्कूलमध्ये, बोलणं आपल्यापेक्षा शुद्ध मराठीत, आणि कागदावर परदेशी.

या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, अजूनही असतो : ‘निवृत्तांसाठीचा व्हिसा कुठला?’ असा व्हिसा आपल्याकडे नाहीच. थायलंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला बँकेत 8 लाख बात दाखवून निवृत्तीच्या नावावर राहता येतं, म्हणून लोकांना वाटतं की इथेही तसं काही असेल. भारतात नुसत्या वयावर आणि बँकेतल्या शिलकीवर दीर्घ मुक्काम मिळत नाही. निवृत्तांना तो नात्यावर मिळतो : तुम्ही मूळचे इथले आहात किंवा इथल्या माणसाचे नवरा-बायको आहात म्हणून. मग एक्स व्हिसा (अशा नात्याच्या माणसांना मिळणारा प्रवेशाचा व्हिसा) घ्यायचा, नाहीतर ओसीआय कार्ड (असं नातं असलेल्या परदेशी नागरिकाचं आजीवन व्हिसाचं कार्ड) काढायचं. पूर्वी भारतीय वंशाच्या लोकांसाठी पीआयओ कार्डही होतं, ते जानेवारी 2015 मध्ये ओसीआयमध्ये विलीन झालं. आणि नातं आहे हे तोंडी सांगून चालत नाही. ते कागदावर सिद्ध करावं लागतं. आमचं दुकान त्या सिद्ध करण्यावर चालतं.

ऐकायला सोपं वाटतं. आता एका काकूंची गोष्ट सांगते, म्हणजे कळेल.

काकूंचा जन्म पुण्यातला, 1949 चा. महापालिकेतून जन्मनोंदीचा उतारा काढला तर आईचं नाव आहे, वडिलांचं नाव आहे आणि बाळाच्या नावाच्या जागी नुसतं ‘मुलगी’. बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली, आणि पुढे नाव घालायला कुणी परत गेलं नाही. त्या काळच्या नोंदींत हे सर्रास दिसतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव कुसुम, आडनाव माहेरचं. लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं : सुनीता. भारतीय पासपोर्ट सुनीता आणि सासरचं आडनाव. अमेरिकन पासपोर्टवर त्याच आडनावाचं स्पेलिंग वेगळं, कारण तिथल्या कारकुनाने एक ‘ए’ गाळला. जुना भारतीय पासपोर्ट 1981 मध्ये घर बदलताना हरवला. म्हणजे कागदाच्या हिशेबाने चार बायका : मुलगी, कुसुम, सुनीता आणि स्पेलिंग बदललेली सुनीता. या चौघी एकच आहेत हे मला दाखवायचं होतं.

काकू दुकानात बसून हसत होत्या. म्हणाल्या, ‘अगं, मलाच कधीकधी शंका येते.’ आम्ही लग्नपत्रिका शोधली, वडिलांच्या पेन्शनच्या कागदांतली वारसनोंद शोधली, दोन वेगवेगळी प्रतिज्ञापत्रं केली. वसईला राहणाऱ्या धाकट्या भावाच्या जन्मनोंदीत त्याच आई-वडिलांची नावं मिळाली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. या सगळ्याला सात महिने लागले. यातला एक दिवसही नियम समजून घेण्यात गेला नाही. नियम एका पानावर मावतात.

आता आमची चूक.

2016 सालची गोष्ट. कोथरूडचा मुलगा, अमेरिकन बायको, लग्न तिच्या गावात लागलेलं. 2015 च्या कायदादुरुस्तीपासून जोडीदार म्हणून ओसीआय हवं असेल तर लग्न नोंदलेलं असावं लागतं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. त्यांच्या दाखल्यावर तारीख होती 11/05/2014. मी 11 मे वाचली. जून 2016 मध्ये, दोन वर्षं पुरी झाली म्हणून निश्चिंत मनाने अर्ज भरला, 15 हजार रुपये फी भरली, कागदांची फाइल मुंबईला गेली. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो. लग्न 5 नोव्हेंबरचं होतं. दोन वर्षांना अजून पाच महिने बाकी. अर्ज परत आला, फी काही परत आली नाही. ती आम्ही खिशातून भरली. त्या मुलीला नोव्हेंबरपर्यंत तिच्या एक्स व्हिसावरच काढावं लागलं. ती शांत होती, तिची सासू नव्हती. काउंटरवर येऊन त्या मला जे बोलल्या ते इथे लिहीत नाही, पण त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता.

तेव्हापासून आमच्याकडे एक जाड वही आहे. कुठलाही परदेशी कागद आला की तारीख आधी अक्षरांत लिहायची : ‘पाच नोव्हेंबर दोन हजार चौदा’. मगच संगणकाला हात लावायचा. दुकानात नव्याने लागलेल्या मुली पहिले दोन आठवडे फक्त एवढंच करतात. त्याच वहीत पुढच्या तारखाही असतात. कुणाचा व्हिसा कधी संपतो, कुणाचा पासपोर्ट नवा झाला, कोण कधी उतरलं. एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याला सहसा उतरल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि नवी सून ते 14 दिवस हमखास पूजा, जेवणावळी आणि महाबळेश्वर यांत घालवते.

2018 मध्ये ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीची सरकारी वेबसाइट, आली. नोंदणी आणि मुदतवाढ सगळं ऑनलाइन. आयुक्तालयाच्या रांगा गेल्या. शेजारच्या चहावाल्याने विचारलं, ‘ताई, आता तुमचं कसं?’ मलाही धास्ती होती. सासऱ्यांनी मात्र सांगितलं होतं, रांग गेली म्हणून कागद जात नाही. (आयुष्यात एकदाही माऊस न धरलेल्या माणसाचा अंदाज माझ्यापेक्षा बरोबर निघाला.) गिऱ्हाईक वाढलं. पूर्वी साहेब समोर बसून सांगायचे की अमुक कागद कमी आहे. आता स्क्रीनवर दोन ओळींचा शेरा येतो आणि त्याचा अर्थ लावायला माणूस आमच्याकडे येतो.

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी होती आणि आजही आहे. ती म्हणजे घरमालक. परदेशी माणूस राहायला आला की ज्याच्याकडे उतरला त्याने 24 तासांत तशी खबर देणारा फॉर्म, आमच्या बोलीत ‘सी फॉर्म’, भरायचा असतो. घरमालकाला वाटतं, फॉर्म भरला म्हणजे पोलिस दारात येणार. आणि सोसायटीचे सेक्रेटरी! त्यांच्यावर मी स्वतंत्र लेख लिहू शकते. एका सेक्रेटरींनी जपानी सुनेचा फॉर्म भरायला तिच्या सख्ख्या सासऱ्यांना मज्जाव केला होता, कारण ‘सर्वसाधारण सभेत विषय झालेला नाही’. अशा वेळी मी स्वतः जाते, चहा घेते, कायदा मराठीत समजावते. याचे पैसे लावत नाही. लावायला हवेत असं माझा दीर म्हणतो.

करोनाबद्दल थोडंच. मार्च 2020 मध्ये व्हिसे स्थगित झाले, ओसीआयवाल्यांचा विनाव्हिसा प्रवासही थांबला. त्यात मेमध्ये थोडी सूट मिळाली, पण त्याआधी ज्यांचे आई-वडील इथे गेले त्यांचे फोन मी घेतले आहेत. कार्डावर ‘आजीवन’ लिहिलंय ना, असं एकाने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या कार्डाने लोकांचे बरेच गैरसमज होतात. बोलीत त्याला दुहेरी नागरिकत्व म्हणतात, तसं ते नाही. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. न्यू जर्सीहून परतलेल्या एका काकांना मुळशीत आंब्याची बाग करायची होती. इसार देऊन झाला होता, मग ते आमच्याकडे आले, आणि तेही ओसीआयच्या नोंदीतला पत्ता बदलायला. मी सहज विचारलं म्हणून विषय निघाला. वडिलोपार्जित शेती वारसाने आली तर ठेवता येते, विकत घेता येत नाही, हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे मी इथला आहे, पण मातीपुरता नाही.’ इसाराचे निम्मे पैसे सुटले.

गोव्याचं काम आम्ही मोजकंच घेतो. 19 डिसेंबर 1961 पूर्वी तिथे जन्मलेल्यांच्या आणि त्यांच्या मुलानातवंडांच्या पोर्तुगीज पासपोर्टचे प्रश्न फार गुंत्याचे, आणि त्यासाठी म्हापशात आमच्याहून जाणते वकील आहेत.

1 सप्टेंबर 2025 पासून नवा इमिग्रेशन कायदा लागू झाला. 1946 चा परदेशी नागरिकांचा कायदा आणि 1939 चा नोंदणीचा कायदा त्याने रद्द केले. सासरे असते तर त्यांनी जुन्या कायद्याची त्यांची खुणा केलेली प्रत जपून ठेवायला लावली असती. मी ती तशीही ठेवली आहे, टाइपरायटरशेजारी. टाइपरायटर आता चालत नाही, पण परदेशी गिऱ्हाइकं त्याचे फोटो काढतात, त्यामुळे तो पुसायला लागतो.

आज आम्ही पाच जण आहोत. जागा तीच, स्टुलांऐवजी खुर्च्या आल्या. ‘मुलगी’ अशी नोंद असलेल्या काकू आता प्रभात रोडला राहतात आणि दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन येतात. दारातूनच ओरडतात, ‘आम्ही चौघी आलो आहोत गं!’

वहीत उद्याच्या पानावर तीन नावं आहेत. सकाळी अकराला एक स्पॅनिश जावई, लग्नाला दोन वर्षं पूर्ण होऊन कालच एक दिवस झाला. तारीख मी स्वतः दोनदा वाचली आहे, अक्षरांत. त्याआधी दहाला कर्वेनगरात एका घरमालकांकडे जायचंय, सी फॉर्मसाठी. फोनवर ते म्हणाले, ‘या, पण माझं मत बदलणार नाही.’ मी चितळ्यांच्या बाकरवड्या घेऊन जाणार आहे.