मी पुसून टाकलेला खडक

मालवणच्या समुद्रात तळाची खोली मोजायचं काम चालू होतं, डिसेंबरचे दिवस. प्रवाळ आणि खडकाळ तळावरच्या माशांचा अभ्यास करणाऱ्या टीमला तळाचा नकाशा हवा होता आणि तो बनवायचं काम माझं. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, पण जहाजांसाठीचे जे चार्ट असतात त्यात जहाज कुठे लागेल एवढं कळतं. गोबऱ्याला (खडकाच्या कपारीत राहणारा मासा) लपायला कपार कुठे आहे ते त्यात कसं दिसणार, त्यासाठी तळाचे चढउतार बारीक मोजावे लागतात.

आमच्याकडे साधा सिंगल बीम इकोसाउंडर होता, बोटीच्या बाजूला पाइपला बांधलेला. तो खाली आवाज सोडतो, तळावरून परत यायला किती वेळ लागला ते बघतो, समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो त्यावरून खोली निघते. ऐकायला सोपं वाटतं पण रोज सकाळी आधी बार चेक, म्हणजे लोखंडी पट्टी मोजलेल्या दोरीवर २ मीटर, ४ मीटर, ६ मीटर अशी खाली सोडायची आणि मशीन तेच दाखवतंय का बघायचं. जेट्टीवर एक मुलगा दर दहा मिनिटांनी भरती-ओहोटीची पट्टी वाचून वहीत लिहायचा, कारण ती वजा केली नाही तर सकाळचा तळ आणि दुपारचा तळ जुळतच नाही. मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून येणारा, असेपर्यंत पाणी शांत, एकदा दुपारचा वारा सुटला की बोट एवढी हलते की काम बंद. आणि सगळ्यात मोठी मर्यादा ही की सिंगल बीमला फक्त बोटीच्या खालची बारीक पट्टी दिसते. आमच्या लाइनी, म्हणजे बोट ज्या सरळ रेघांवरून न्यायची त्या, एकमेकींपासून ५० मीटर अंतरावर होत्या, दोन लाइनींच्या मधे काय आहे ते सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं.

त्या रात्री लॉजवर डेटा साफ करत बसले होते. एका लाइनीवर १४ मीटरचा सपाट तळ चालू असताना तीनेक सेकंद खोली एकदम साडेनऊ मीटर, आणि परत १४. त्याच जागी माशांचा दाट थवाही दिसत होता. मासे असले की असं होतं, मशीन थव्यालाच तळ समजतं. शेजारच्या लाइनी बघितल्या, दोन्हीकडे सपाट. मग मी ते पॉइंट उडवले आणि पुढे गेले. आता वाटतं तेव्हा एक गोष्ट नीट बघायला हवी होती, थवा असला तर त्याच्या खालून तळाची रेघ पुसट का होईना बहुतेकदा चालू राहते, इथे खाली रेघ नव्हतीच, रेघच वर चढली होती. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, दिवसभर उन्हात होते, पण डोळे दमलेत हे काही कारण होऊ शकत नाही, कारण माझ्यानंतर ते पॉइंट कोणीच बघणार नव्हतं.

सकाळी जेट्टीवर तांडेलकाकांना प्रिंट दाखवली, उगाच, त्यांच्या बोटीवर एवढे दिवस काम चाललंय तर बघूदेत म्हणून. काकांनी चष्मा लावला, किल्ला कुठे ते विचारलं, मग प्रिंटवर बोट सरकवत सरकवत एका जागी आणून ठेवलं.

"बाये, हयसर सपाट दाखवलंस? हयसर खडप आसा."

मी म्हटलं, काका, कशावरून?

"माझ्या जाळ्याक इचार. थंय टाकला काय फाटताच. माझो बापूस थंय गरी घेवन जायचो, गोबरे गावतत."

मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. लॅपटॉप तिथेच उघडला, मूळ फाइल आम्ही कधीच बदलत नाही म्हणून वाचले, ती काढून बघितली तर काकांच्या बोटाखाली तेच साडेनऊ मीटर.

बोट काढली. काकांनी जीपीएसकडे बघितलं पण नाही, किनाऱ्याकडे बघत दोन खुणा एकमेकींना लावल्या, बाजूला आणखी दोन, आणि इंजिन मंद केलं. (खुणा कुठल्या ते मी लिहिणार नाही, तिथे कोणी जाऊन नांगर टाकलेला मला चालणार नाही.) १४, १४, १३.८, ११, ९. मग आडव्या, तिरक्या, दहा-दहा मीटरवर लाइनी मारल्या तेव्हा कळलं, खडक दोन लाइनींच्या मधे तिरका पडलाय, साधारण तीस मीटर लांब, आणि आमच्या लाइनीला फक्त त्याचं टोक लागलं होतं. मासे त्या खडकामुळेच तिथे जमले होते, म्हणजे मी ज्याला चूक समजले तीच खूण होती.

आजूबाजूला ग्रॅब (तळाची माती उचलून आणणारा पंजा) टाकला तर राखाडी गाळ, खडकावर टाकला तर दोनदा रिकामा वर आला. मग कॅमेरा सोडला. पाणी गढूळ, हातभर पुढचं दिसायचं नाही, तरी स्क्रीनवर आधी स्पंज, मग पोरायटीससारखे प्रवाळाचे गोल गोळे दिसले आणि एका कपारीतून खरंच गोबरा बाहेर आला. आमची बायॉलॉजिस्ट काही बोललीच नाही, नुसता माझा दंड घट्ट धरला तिने. प्रवाळाच्या पिल्लाला बसायला कडक जागा लागते, गाळावर ते जगत नाही, म्हणून एवढ्या गाळात असा एखादा खडक म्हणजे तिच्यासाठी काय आहे ते मला त्या दिवशी समजलं.

विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, अख्खं पठार पाण्याखाली, ते चार्टवर आहे कारण ते प्रचंड आहे. तीस मीटरचा खडक चार्टवर सहज सुटून जातो. २०२४ च्या जूनपर्यंत जगातल्या समुद्रतळाचा २६.१ टक्के भागच नीट मोजून झाला होता हा आकडा मी कित्येकदा वाचलाय, पण तेव्हा डोळ्यासमोर खोल महासागर यायचा, किनाऱ्यावरून दिसणारं पाणी कधीच नाही.

त्या भागाच्या लाइनी आम्ही १० मीटरवर आणल्या, डिझेल वाढलं, चार दिवस जास्त लागले. आता डेटा साफ करताना शंका आली तर पॉइंट उडवत नाही, वेगळा रंग देऊन ठेवते आणि सकाळी काकांना दाखवते. नवीन प्रिंट निघाली तेव्हा त्यांनी ती बराच वेळ बघितली, खडप बोटाने चाचपलं, मग बोट वर उत्तरेकडे नेलं, जिथे मी सगळा निळा रंग भरला होता.

"आणि हयलो खंय गेलो?"